माडीची जमीन

आमच्या कोकणातल्या घराच्या माडीला लाकडी जमीन आहे. हे वाक्य लिहितानाच अडखळायला होते. जमीन लाकडी कशी असेल? पायाखाली जे येते ते शेवटी मातीचेच, असे आपल्या भाषेने गृहीत धरलेले दिसते. मातीच्या जमिनीसाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. जमीन करतात, चोपतात, सारवतात; ती उखणते, तिचे पोपडे निघतात, मग ती पुन्हा नवी करतात. शेणकाला आहे, पोतेरे आहे, आणि पोतेऱ्याचा माणसांना लावायचा अपमानकारक अर्थही आहे. फळ्यांच्या जमिनीच्या वाट्याला यातले काही येत नाही. तक्तपोशी हा एक भारदस्त शब्द आहे खरा, पण आम्ही तो ऐकला तो बहुतेक वेळा छताच्या संदर्भात, म्हणजे मान वर करून. खाली बसून फळ्या घासणाऱ्या माणसाच्या तोंडी त्या कामासाठी कोणता शब्द असतो, हे मराठीच्या दोन पदव्युत्तर पदव्या आणि प्रत्येकी वीस वर्षांची अध्यापकी यांच्या बळावरही आम्हांला सांगता आले नसते. तो शब्द आम्हांला फार उशिरा कळला. त्याआधी आम्ही ती जमीन चकचकीत करून ठेवली होती.

घर राजापूर तालुक्यात आहे. आम्ही दोघे कोल्हापुरात शिकवतो. सुट्टी लागली की अणुस्कुरा घाट उतरून घरी जातो. तुळया ऐनाच्या, खांब फणसाचे आणि माडीच्या फळ्या सागाच्या. त्यांतल्या तीन-चार फळ्या मागाहून बदललेल्या, त्या फणसाच्या. हे आम्हांला पूर्वी ठाऊक नव्हते, कारण वरचा थर इतका काळा होता की सारे लाकूड एकाच जातीचे भासे. खाली आई राहतात. आमच्यापैकी एक त्यांना ‘अगं आई’ म्हणतो आणि दुसरी ‘अहो आई’. दोघांनी मिळून लिहायचे तर कोणाचे सर्वनाम चालवायचे, हा प्रश्न पडला. ‘आई म्हणाल्या’ असे लिहायचे ठरले. मुलाला ते किंचित परके वाटते, पण ते असो.

या साऱ्या प्रकरणाचा उगम एका आठवणीत आहे. आमच्यापैकी एकाला आठवते, की तो सात-आठ वर्षांचा असताना माडीची जमीन आरशासारखी होती. गणपतीच्या दिवसांत मुंबईची भावंडे आली की सगळी मुले खिडकीपासून जिन्यापर्यंत बुडावर बसून घसरत जात. उन्हाचा कवडसा फळ्यांवर पडला की त्याचा उजेड छताला लागे. दुसरीने ती जमीन कधी पाहिलीच नव्हती. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा माडी काळवंडलेलीच होती. पण आठवण इतक्या वेळा ऐकली, की तिलाही ती आपलीच वाटू लागली. मग २०२२च्या उन्हाळ्यात, दोन वर्षे पडद्यावर शिकवून डोळे आणि मन दोन्ही आंबलेले असताना, आम्ही ठरवले की यंदा माडीची जमीन पूर्वीसारखी करायची. ‘पूर्वीसारखी’ हा शब्द तेव्हा आम्ही कोणतीही शंका न घेता वापरला.

माडीची त्या वेळची स्थिती नीट सांगायला हवी, कारण ती आता कुठेच उरलेली नाही. खालच्या स्वयंपाकघरातली चूल बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली असली, तरी तिचा धूर फटींतून वर येऊन बसला होता. त्याची काजळी आणि हवेतला दमटपणा मिळून एक चिवट थर झालेला. ईशान्येच्या कोपऱ्यात एक मोठे फिकट वर्तुळ होते. तिथे भाताची कणगी असे. खिडकीपाशी जांभळट काळे डाग होते, ते आमसुलांचे. मे महिन्यात आमसुले अंगणात वाळत घालतात, आणि संध्याकाळी आभाळ भरून आले की वळवाच्या भीतीने गोळा करून माडीवर पसरतात. त्यांचा रस जिथे खिळ्यांपर्यंत पोचला होता तिथे लाकूड शाईसारखे काळे झाले होते. लाकडातले टॅनिन आणि लोखंड यांना ओल मिळाली की असा रंग तयार होतो. जुनी काळी शाई याच तत्त्वावर करत असत. आंब्याच्या अढीची जागा वेगळी ओळखू येई. फणसाच्या चिकाचे दोन-तीन टणक ठिपके होते. आणि या सगळ्यामधून जिन्यापासून खिडकीपर्यंत, हातभर रुंदीचा, काहीसा खोलगट आणि तुकतुकीत असा एक पट्टा गेलेला होता. माणसे जिथून चालतात तो. जिन्याच्या तोंडाशी एका फळीत मोठी गाठ होती. भोवतीचे लाकूड झिजले होते, गाठ झिजली नव्हती, त्यामुळे ती बोराएवढी वर आलेली होती. तिला प्रत्येकाची ठेच लागून झालेली.

आम्ही या सगळ्याला ‘मळ’ म्हटले.

आता थोडे वाचनाविषयी. कोणतेही काम वाचनाने सुरू करायचे, हा आमच्या पेशाचा दोष. इंटरनेटवर लाकडी जमिनीच्या निगेविषयी इतके लिहिलेले आहे, की त्यावर एखादी प्रश्नपत्रिका काढता यावी. पण ते सारे ओक आणि मेपलच्या घरांतले. तिथे हिवाळ्यात घर तापवतात म्हणून फळ्या आकसतात. आमच्याकडे त्या चैत्रात आकसतात आणि आषाढात फुगून फटी बुजतात. तिथल्या फळ्यांखाली दुसरी जमीन असते. आमच्या फळ्यांच्या खाली थेट स्वयंपाकघराची हवा. ‘हार्डवुड’ या शब्दानेही आम्हांला पुष्कळ फिरवले. त्याचा अर्थ कठीण लाकूड असा आम्ही करत होतो. वनस्पतीशास्त्रात तो रुंद पानांच्या झाडांचे लाकूड एवढाच आहे. त्या हिशेबाने, जिच्या काड्यांची आगपेटी होते ती मऊसूत सावरही हार्डवुडच. भाषांतर शिकवणाऱ्यांनी अशा ठिकाणी जरा ओशाळावे, म्हणून सांगितले.

त्या वाचनातून काही उपयोगाचेही मिळाले. फळीवर आधीचे पॉलिश कोणते आहे हे ओळखायचे असेल, तर कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकावा. चिकट झाले तर ते लाखेचे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाणी सांडले की तिच्यावर पांढरी वलये उठतात. आम्ही थेंब टाकला, काहीच झाले नाही. पाण्याचा थेंब टाकला, तो हळूहळू मुरला. म्हणजे आमच्या माडीला लाख, वार्निश असे काहीच लावलेले नव्हते. इथेच आम्ही थांबायला हवे होते. आठवणीत आरशासारखी असलेली जमीन जर कोणत्याही पॉलिशाने झालेली नव्हती, तर ती कशाने झाली होती? हा प्रश्न विद्यार्थ्याने वर्गात विचारला असता तर आम्ही त्याला शाबासकी दिली असती. आम्हांला तो पडला नाही.

गावातले सुतार आले. वयाने साठीच्या पुढचे, आमच्या घराची दारे त्यांच्या वडिलांनी दुरुस्त केलेली. त्यांनी गुडघा टेकून फळीवर हात फिरवला आणि नुसता सोडा घालून पुसून घेऊ, असे काहीसे म्हणाले. सोड्याने लाकडातले तेल निघून जाते आणि ते राखाडी पडते, असे आम्ही नुकतेच वाचले होते. ते आम्ही त्यांना सांगितले. ते गप्प राहिले. त्यांचा मुलगा हातात धरायचे सँडर मशीन घेऊन आला, आणि चार दिवस घरात संभाषण बंद पडले. आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, शेवटी २२०. भुसा इतका बारीक, की खालच्या स्वयंपाकघरातल्या मिठातही त्याची चव आली. जिन्याच्या कठड्याला जुना हिरवा तैलरंग होता. तो मात्र आम्ही कोरडा घासू दिला नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली निघाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात काय असेल कोण जाणे, आणि शिशाची धूळ श्वासात जाणे वाईट. इतके शहाणपण आमच्याजवळ होते. तेवढेच होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साग दिसू लागला. ते दृश्य आम्ही नाकारणार नाही. काळ्या थराखालून मधासारखा रंग वर येत होता, त्यात गडद रेषा, आणि ओल्या फडक्याने पुसले की क्षणभर त्या रेषा हलल्यासारख्या वाटत. फणसाच्या फळ्या आपल्या पिवळ्या-तांबूस रंगाने वेगळ्या उमटल्या. कणगीचे वर्तुळ गेले. आमसुलांचे डाग बरेचसे गेले. जे खोल होते त्यांना ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी लावले. हे विष आहे, हातमोज्यांवाचून त्याला शिवू नये. दोन वेळा लावल्यावर खिळ्यांभोवतीची शाई उतरली. गाठ भोवतीच्या फळीशी समतल झाली. मधला खोलगट पट्टा काढायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण दोन्ही बाजूंचे लाकूड त्याच्या पातळीला आणावे लागले.

मग पीयू पॉलिश. सुतारांच्या मुलाने विचारले, मॅट की ग्लॉसी? त्याचा कल मॅटकडे होता. आम्ही दोघे एकदम ‘ग्लॉसी’ म्हणालो. दोन हात झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात उन्हाचा कवडसा फळ्यांवर पडला आणि त्याचा उजेड छताला लागला. आमच्यापैकी एकाच्या डोळ्यांत पाणी आले, हे दुसरीने पाहिले आहे.

आई वर आल्या त्या नवव्या दिवशी. वास जाईपर्यंत येऊ नका, असे आम्हीच सांगितले होते. दुपारी जेवणानंतर माडीच्या खिडकीत तासभर बसायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या; एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याने अंधुक दिसायचे, आणि आमचा जिना अंधारा. पहिला पाऊस झाला होता, तळवे किंचित ओले असतील. जिन्याच्या तोंडाशी पाय सरकला. त्या जिन्यावरून खाली गेल्या नाहीत, एवढेच दैव. माडीवरच आडव्या झाल्या, उजव्या हातावर. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

रत्नागिरीहून प्लास्टर घालून परतताना गाडीत त्या आमचीच समजूत घालत होत्या. “जमीन नवी आहे, ओळख व्हायची आहे अजून,” असे म्हणाल्या. आम्हांला ते बोलणे मायेचे वाटले. त्यात एक साधी माहिती सांगितलेली आहे, हे कळायला आणखी काही दिवस गेले. आमच्यापैकी एकीने रजा वाढवली आणि ती राहिली. आई डाव्या हाताने जेवायला शिकत होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की जिना चढून वर आल्यावर त्या गाठ शोधत. डाव्या तळव्याला गाठ लागली, की जिना संपला. तिथून खोलगट फळीवर पाय ठेवायचा आणि तिच्यावरून सरळ जायचे. ती संपली की खिडकी. दिवा लावायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. त्या दिवशीही त्या गाठ शोधत होत्या.

आम्ही ती गाठ घासून काढली, त्याचे मजुरीखेरीज शंभर रुपये जास्त दिले होते. कागद फार खर्ची पडला म्हणून.

पावसाळ्याने उरलेले काम केले. जुलैच्या अखेरीस पॉलिशवर ढगासारखे पांढरे चट्टे उठले, ऑगस्टमध्ये त्यांचे पापुद्रे सुटू लागले. कारण आता स्पष्ट दिसते. आम्ही वरचे तोंड प्लास्टिकसारख्या थराने बंद केले आणि खालचे उघडे ठेवले. ओल खालून फळीत शिरत राहिली आणि वर येऊन अडली. शिवाय सागात मुळातच तेल असते. वाळवी त्याला सहसा लागत नाही याचे ते एक कारण. पण त्याच तेलामुळे वरून लावलेला थर धरत नाही. थिनरने पुसून घेऊन लगेच हात मारला असता तर कदाचित थोडा अधिक टिकला असता. गणपतीला माणसे आली तेव्हा माडीची जमीन कोड फुटल्यासारखी दिसत होती. कोणी काही बोलले नाही. मुलांना मात्र वर जायची बंदी होती.

त्याच गणपतीत, प्लास्टर निघालेला हात शेकत बसल्या असताना, आम्ही आईंना अखेर विचारले, की पूर्वी ही जमीन चमकायची कशी? त्यांनी आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. म्हणाल्या, “सोडणाने. दुसरं काय?”

सोडण म्हणजे नारळाचा वरचा काथ्या. न्हाणीघरात पाणी तापवायला जाळतात तोच. सुक्या नारळाचे सोडण उभे अर्धे करायचे, कापलेली कड दगडावर ठेचून तिचा ब्रश करायचा, आणि फळीच्या रेषेच्या दिशेने घासत जायचे. पाणी नाही, काही नाही. मधूनमधून खवलेल्या नारळाचा चोथा फडक्यात बांधून फळीवर फिरवायचा आणि पुन्हा घासायचे. याला घरात ‘माडी ओढणे’ म्हणत. गणपतीच्या आधी एकदा आणि शिमग्याच्या आधी एकदा. १९६८ साली त्या लग्न होऊन आल्या, तेव्हापासून त्यांच्या सासूबाई गेल्या त्या १९८४ सालापर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, वर्षातून दोनदा ती माडी त्यांनी ओढली. आधी थोरल्या जाऊबाई बरोबर असत, त्या मुंबईला गेल्यावर एकट्यांनी. एका वेळी तीन दिवस लागत. गुडघ्यांना फडकी बांधून बसायचे. तिसऱ्या दिवशी सासूबाई वर येत, खिडकीसमोर उभ्या राहत, कवडसा छताला लागतो का ते पाहत.

“त्या गेल्या त्या वर्षी मी माडी ओढली नाही,” आई म्हणाल्या. “सुतक होतं म्हणून. पुढच्या वर्षीही नाही. कोणी विचारलं नाही. जमीन मंद होत गेली तसं मला बरंच वाटत गेलं बघा.”

यावर आम्हांला बोलता येईना. आमच्यापैकी एकाची बुडावरची घसरगुंडी नेमकी १९८३-८४ची. ज्या चकाकीवर तो घसरला ती त्याच्या आईने त्याच आठवड्यात गुडघ्यांवर बसून काढलेली होती, आणि त्याच्या आठवणीत आई नव्हती; नुसता उजेड होता. आणि आम्ही काय केले, तर ती मंद झालेली जमीन, म्हणजे तिला मिळालेली सुटका, आरसा करून तिच्यापुढे ठेवली. ‘तुमच्यासाठी केली’ असेही तिला म्हटले होते. ते तिने ऐकून घेतले होते.

एक गोष्ट विनोदाचीही झाली. फिलिपीन्समध्ये नारळाच्या अशाच अर्ध्या सोडणाला ‘बुनोत’ म्हणतात, आणि तिथे ते जमिनीवर ठेवून त्यावर एक पाय रोवतात व उभ्याने पुढेमागे सरकत लाकडी जमीन घासतात. हे आम्ही आईंना मोबाईलवर दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले. मग म्हणाल्या, “हे आमच्याकडेही सुचलं असतं. पण उभ्याने केलेलं काम तेव्हा काम धरत नसत.”

पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू झाले आणि एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवायची वेळ आली. दरवर्षी आम्ही एकनाथांपासून सुरुवात करतो. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि पुढे तिच्यात स्वतःची ओवी घालणाऱ्याला नरोटीची उपमा देऊन ठेवली. मग राजवाडे: १९०९ साली त्यांनी नाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली, आणि तेव्हापासून ‘मूळ पाठ’ या शब्दावर मराठीत वाद चालू आहे. आम्ही मुलांना सांगतो, की प्रतींवर चढलेले थर म्हणजे नुसता मळ नव्हे. कोणी, कधी, कशासाठी ते चढवले हे वाचता आले पाहिजे. त्या वर्षी हे वाक्य बोलताना आमच्यापैकी एकीचा आवाज मध्येच थांबला आणि तिने फळ्याकडे तोंड केले. मुलांना वाटले, तारीख आठवत नसावी. अर्थात ही तुलना फार ताणू नये. पोथीवरून कोणी घसरत नाही. आणि पोथी कोणी ओढायची, हा प्रश्न संपादकांनी कधी विचारलेला आम्हांला आठवत नाही, तो वेगळाच विषय आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पॉलिश काढले. या वेळी मशीन नाही. पॉलिश रिमूव्हर, पातळ पाते आणि हात. जेवढे आपण चढवले तेवढेच उतरवायचे, लाकडाला शिवायचे नाही, असे ठरवून नऊ दिवस लागले. गुडघ्यांना फडकी बांधली. तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी एक सरळ उभा राहू शकत नव्हता. आई जिन्यावरून त्याला पाहत होत्या आणि हसू दाबत होत्या, असा आमचा संशय आहे.

नंतर जवसाचे उकळलेले तेल, ज्याला हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल म्हणतात. निम्मे टर्पेंटाईन घालून पातळ करायचे, फडक्याने लावायचे, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे पुसून घ्यायचे. पुसले नाही तर ते चिकट होऊन बसते आणि धूळ धरते. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि तसे होताना तापते. फळीवर ते कळत नाही, पण तेलाच्या फडक्यांचा बोळा करून ठेवला तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. आम्ही हे वाचलेले होते. तरीही पहिल्या संध्याकाळी ती कोपऱ्यात टाकली, आणि तासाभराने करपल्याचा वास आल्यावर आईंनी खालून हाक मारली. बोळा हातात धरवत नव्हता. तो अंगणात नेऊन बादलीत बुडवला. लाकडी घरात राहणाऱ्यांनी अशी फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत, किंवा पाण्यात टाकावीत. या लेखातले दुसरे काही विसरले तरी चालेल.

तेलाचे दोनच हात दिले. मेण लावायचा विचार होता. मधमाशीचे मेण टर्पेंटाईनमध्ये, गरम पाण्यात भांडे ठेवून विरघळवले की त्याचा छान लेप होतो, आणि चमकही मंद, पिवळसर येते. पण मेणही घसरते. ते राहू दिले. जमीन आता मध्यम रंगाची, चमक नसलेली, हाताला कोरडी लागणारी अशी आहे. तिला फक्त मऊ केरसुणी आणि घट्ट पिळलेले फडके. फिनाईलची बाटली वर न्यायची नाही, हा नियम घरकामाला येणाऱ्या बाईंना आम्ही इतक्या वेळा सांगितला, की शेवटी त्यांनीच आम्हांला तो ऐकवला. माडी ओढण्याचे नाव कोणी काढत नाही.

गाठीचे काही करता आले नाही. सुतारांना विचारले, तिथे लाकडाचा तुकडा बसवाल का? त्यांनी मान हलवली. बसवलेला तुकडा ओलीने सुटतो आणि मग त्यालाच ठेच लागते, म्हणाले. आईंनी स्वतःच तोड सांगितली. जिन्याच्या तोंडाशी, पहिल्या फळीवर, आडव्या तीन खाचा पाडून घेतल्या. पटाशीने, बोटभर अंतराने. पायाला खाच लागली की जिना संपला. खिडकीपर्यंत जायला भिंतीलगत काथ्याची दोरी कमरेएवढ्या उंचीवर बांधली. पहिले काही महिने त्या दोरी धरून जात. २०२४च्या पावसाळ्यापासून धरत नाहीत. फळी अजून सपाटच आहे. म्हणजे त्या कशाच्या आधाराने जातात हे आम्हांला ठाऊक नाही, आणि या खेपेस आम्ही विचारलेलेही नाही.

खाली लिहून ठेवण्यासारखी आणखी एकच गोष्ट. गेल्या मे महिन्यात आभाळ भरून आले, तेव्हा अंगणातली आमसुले गोळा करून आम्ही दोघे ती घेऊन वर गेलो आणि फळ्यांवर पसरायला लागलो. खिडकीपाशी, जुन्याच जागी. आईंनी खालून विचारले, “खाली काय घातलंत?” काही नाही, म्हटले. त्यावर त्या एवढ्या मोठ्याने रागावल्या, की शेजारच्या अंगणातले बोलणे थांबले. एवढे कष्ट करून साफ केलेली जमीन डागवायची का पुन्हा, म्हणाल्या. आधी चटई घाला.

आम्ही चटई घातली. कडेची चार-पाच आमसुले मात्र चटईबाहेर राहिली. ती आमच्यापैकी कोणी ठेवली याविषयी आमच्यात मतभेद आहे.